मुकं माकड

देवळाच्या आवारात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. ओगुसा गावातली माणसं भाताची लावणी अर्धवट टाकून आली होती, पोटऱ्यांवर चिखल तसाच. दहा-बारा दिवस झिमझिम चालू होती. तेलकागदी छत्र्यांवरून पाणी एकमेकांच्या मानेत गळत होतं, पण कोणी कुरकुरत नव्हतं. सगळ्यांचे डोळे पायरीवर उभ्या असलेल्या गेंकाइ महाराजांच्या हाताकडे लागले होते. त्या हातात लाल दोरीला मातीचं एक माकड लोंबत होतं. मुठीएवढं, लाल तोंडाचं, गुडघे पोटाशी घेऊन बसलेलं. बुडाशी चीर असलेली ती मातीची घंटा होती.

"यंदाचं साल कोणाचं?" महाराजांनी विचारलं.

"माकडाचं," गर्दी म्हणाली.

"माकडाला आपण काय म्हणतो?"

"सारु."

"आणि पाहुणा उठून जातो, ताप उतरून जातो, त्या जाण्याला काय म्हणतो?"

"सारु," गर्दी म्हणाली आणि आपणच काहीतरी शोधून काढल्यासारखी खूश झाली.

"मग? हा बारा वर्षांनी येतो तो जाण्यासाठीच येतो. आणि जाताना घरातलं दुखणं काखोटीला मारून जातो. आता कान द्या."

त्यांनी माकड हलवलं. आवाज नाही. जोरात हलवलं, तरी नाही. मग ते पहिल्या रांगेत फिरले आणि एकेकाच्या कानाशी माकड हलवत गेले. कान्बेइ आजोबांना गेली दहा वर्षं ढगांचा गडगडाटही ऐकू येत नव्हता. त्यांनीही कान लावला आणि काही ऐकू येत नाही अशी साक्ष दिली.

"दहा दिवसांपूर्वी हेच माकड किती गोड बोलत होतं, तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. आज वाचा बसली. का बसली? दुखणं तोंडात धरून बसलंय म्हणून. बोलणार कसं? इवाझारु झालंय ते. न बोलणारं माकड. ये पोरी, पुढं ये."

गर्दीतून एक मुलगी पुढे आली. बावीस वर्षांची किनु. गाल गुलाबी, डोळे चमकणारे. बायका एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या: बघ, रंग कसा परत आला.

"हिच्या छातीत काय होतं ते मी बोलत नाही," महाराज म्हणाले. म्हणजे बोललेच. "दवाखान्यात वर्षभर सुया टोचल्या. गेलं का? मी म्हटलं, आधी सुई बंद. सुई टोचली की माकड बिचकतं. मार्चपासून हिनं एक सुई घेतलेली नाही. आणि आज बघा."

गर्दीच्या टोकाला उभ्या असलेल्या मित्सुएला हे नवं होतं. किनु तिच्या धाकट्या भावाची मुलगी. आणि तो भाऊ, गेन्साकु, दर गुरुवारी तिला सांगत आला होता, 'झाली हो ताई आजची सुई.'

दुसरी गोष्ट त्याहून वाईट होती. महाराजांच्या हातातलं माकड मित्सुएनं स्वतः केलेलं होतं.

तिच्या सासरी तीन पिढ्या मातीच्या घंटा होत होत्या. सशाच्या सालात ससा, वाघाच्या सालात वाघ. नवरा गेल्यापासून ती एकटीच करत होती. घंटेचं सगळं मर्म आतल्या खड्यात असतं. मातीचा खडा कागदात गुंडाळून पोटात ठेवायचा, मग दोन्ही अर्धे भाग जोडायचे. भट्टीत कागद जळून जातो आणि खडा सुटा होतो. कागद नीट गुंडाळला नाही तर खडा भिंतीला चिकटतो आणि घंटा बोलत नाही. अशा घंटेला तिच्या धंद्यात मुकी म्हणत आणि भट्टीमागच्या ढिगावर फेकून देत. त्या ढिगावरच्या मालाला गाव हात जोडतंय, हे तिनं पहिल्यांदाच पाहिलं.

पण ही माकडं खडा चिकटून मुकी झालेली नव्हती. त्यांच्यात तिनं खडा घातलाच नव्हता. नव्या वर्षाची गर्दी सरली की फेब्रुवारीत घंटा कोणी विकत घेत नाही. अशात हे महाराज आले आणि शंभर माकडं सांगितली. खडा नको, मंत्रलेले खडे ते स्वतः घालणार. फक्त चिरेच्या एका टोकाचं भोक वाटाण्याएवढं मोठं हवं. खडा घातला की त्यावर ते मंत्राचा कागद चिकटवणार. सरस विकणाऱ्याला दहा प्रश्न विचारणाऱ्या मित्सुएनं त्यांना एकही विचारला नाही. काम मिळालं याचाच आनंद होता.

माकडं मार्चमध्ये तयार झाली, पण महाराजांनी ती वाटली नाहीत. आधी देह सुईपासून शंभर दिवस शुद्ध झाला पाहिजे, म्हणाले. वाटली ती जूनमध्ये, बरोबर झिमझिम सुरू झाल्यावर. सोबत नियमांची यादी दिली. माकड आजाऱ्याच्या उशाशी टांगायचं. रोज संध्याकाळी त्याच्या चिरेत तीन दीर्घ श्वास सोडायचे. रोज सकाळी पहिल्या भाताच्या वाफेवर धरायचं. उन्हात आणि चुलीजवळ न्यायचं नाही. गावाला यात काही वावगं वाटलं नाही. जूनअखेरीच्या शुद्धीला कागदाच्या बाहुलीवर श्वास सोडून ती नदीत सोडायची, हे तर इथल्या प्रत्येकानं लहानपणापासून केलेलं. बाहुलीच्या जागी माकड आलं, इतकंच.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मित्सुए भावाच्या घरी गेली. गेन्साकु ओट्यावर बसून गवताच्या दोऱ्या वळत होता. तिला पाहून त्यानं मान खाली घातली.

"थापा मारल्यास तू मला," ती म्हणाली. "दर गुरुवारी तोंड वर करून थापा मारल्यास."

"सांगितलं असतं तर तू हिबिनोबाईला घेऊन आली असतीस."

"आणलंच असतं. नर्स आहे ती. तिचं कामच आहे ते."

"तिची सायकल दाराशी लागली की अख्ख्या गावाला कळतं, आत कोण खोकतंय ते. मागचं स्थळ त्या सायकलीपायी मोडलं, ताई. आता घाटाखालचे लोक तीस तारखेला बोलणी पक्की करायला यायचेत. काल त्यांचा माणूस होता देवळात. त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं."

"काय ऐकलं? काही ऐकू आलं नाही, एवढंच ऐकलं ना?"

"तुला कशावर विश्वासच नाही."

"तुझ्यावर होता," मित्सुए म्हणाली आणि आत गेली.

किनु अंथरुणावर बसली होती. कालचा गुलाबी रंग होताच, पण जवळून पाहिलं तर तो दोन्ही गालांवर फासल्यासारखा आणि बाकी चेहरा कागदासारखा. उशाशी खांबाला माकड टांगलेलं. खांबावरून दोरीवर आणि दोरीवरून माकडाच्या बुडाशी मुंग्यांची रांग लागली होती.

"हे गं काय?"

"अण्णा म्हणतात, दुखणं बारीक होऊन बाहेर पडतंय."

"सहा पायांचं?"

किनुला हसू आलं आणि हसण्याचा खोकला झाला. बराच वेळ थांबेना. तिनं फडकं तोंडावर धरलं आणि पटकन मांडीखाली दडवलं. मित्सुएनं ते ओढून काढलं. फडक्यावर लाल डाग होते, काही ताजे, काही धुऊन न निघालेले.

"अण्णांना सांगू नकोस, आत्या," किनु म्हणाली. "त्यांना फार आनंद झालाय."

मित्सुएनं खांबावरचं माकड उतरवलं, मुंग्या झटकल्या आणि चिरेवरून बोट फिरवलं. बोटाला चिकट लागलं. कुंभारकामाची जन्माची सवय, बोट आपोआप जिभेवर गेलं. ती माती विकत घ्यायची ती चाखूनच. रेती किती, लोह किती, जिभेला कळतं. तीस वर्षांत तिनं खारट माती चाखली होती, तुरट चाखली होती, आंबूस चाखली होती. गोड माती तिनं कधी चाखली नव्हती.

यापुढे त्या माणसाला अहो-जाहो करण्याचं कारण उरलं नाही.

तिनं माकड खांबावर आपटायला हात उचलला, तसा किनुनं तो दोन्ही हातांनी धरला.

"फोडू नकोस. आपोआप फुटलं तर ठीक. हातानं फोडलं तर सगळं माझ्यावर उलटेल."

"कोण म्हणतं असं?"

"तूच म्हणतेस," किनु म्हणाली.

खरंच होतं ते. दुकानात गिऱ्हाइकाच्या हातात घंटेला तडा गेला की मित्सुए हसून म्हणायची, 'तुमच्या वाटचं संकट घेऊन फुटली बघा.' तिची सासू म्हणायची, सासूची सासू म्हणायची. गिऱ्हाईक खूश व्हायचं, वर दुसरी घंटा घ्यायचं. घंटा फुटायची ती भट्टी घाईनं उघडल्यामुळे, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. आणि त्याला जोडून, हातानं फोडू नये, उलटतं, हेही त्यांनीच सांगितलेलं. नाहीतर पोरं खेळताना फोडतील आणि खड्याला चिकटलेला जळका कागद दिसेल. पिढ्यानपिढ्या सांगितलेली ती लहानशी, निरुपद्रवी थाप आज तिच्याच भाचीच्या हातात बसून तिचा हात धरत होती.

मित्सुएनं माकड परत टांगलं आणि थेट पुलापलीकडच्या दवाखान्यात गेली.

हिबिनोबाई सायकलच्या चाकात हवा भरत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "गालांचा तो रंग तापाचा आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या भावानं मला तीन वेळा दारातूनच परत पाठवलंय. चार महिने. अर्धवट औषध म्हणजे रोगाच्या जंतूंना शिकवणी लावण्यासारखं आहे, मित्सुएबाई. औषधाला तोंड कसं द्यायचं ते शिकतात ते."

"मी आत्ता जाऊन सगळ्यांदेखत फोडते एक माकड."

"आणि आत साखर निघाली तर लोक काय म्हणतील ठाऊक आहे? महाराजांचा खडा कृपेनं गोड झाला." हिबिनोबाईंनी पंप बाजूला ठेवला. "साखर दाखवून भागणार नाही. घंटा कशी मुकी होते ते दाखवायला हवं. आजाऱ्याशिवाय."

मित्सुए घरी जाताना वाण्याकडे थांबली आणि कोम्पेइतो घेतले. म्हणजे साखरेचा काटेरी हलवा, आपण संक्रांतीला करतो अगदी तसाच. वाणी पुडी बांधता बांधता म्हणाला, "यंदा हलव्याला भलतंच गिऱ्हाईक आहे. महाराजही नेतात. लहान मुलांना वाटतात म्हणे." गेंकाइनं गावातल्या एकाही मुलाला आजवर साखरेचा दाणा दिलेला नव्हता.

तिच्याकडे त्या शंभरांबरोबर भाजलेली काही जास्तीची माकडं पडून होती. त्यातल्या दोन माकडांच्या भोकातून तिनं हलव्याचे दाणे आत सोडले आणि भोकावर कागद चिकटवला. हलवून पाहिलं. आवाज खरोखर गोड येत होता, मातीच्या खड्यापेक्षाही नाजूक. तिला त्या गोडपणाचा संताप आला. तिसरं माकड तिनं आपल्या जुन्या मालातलं घेतलं, पोटात भाजलेला खडा असलेलं. मग हलव्याचं एक आणि खड्याचं एक अशी दोन माकडं चुलीपासून दूर, दमट भिंतीवर टांगली आणि रोज सकाळी भाताच्या वाफेवर धरली, संध्याकाळी त्यांच्यात श्वास सोडले. हलव्याचं दुसरं माकड तिनं भट्टीच्या उबेला ठेवलं. नवव्या दिवशी भिंतीवरच्या हलव्याच्या माकडाची वाचा बसली. त्याच्या शेजारचं, तितकीच वाफ खाल्लेलं खड्याचं माकड खणखणत होतं. आणि भट्टीजवळचं पहिल्या दिवसासारखं गोड बोलत होतं.

मधल्या दिवसांत ती रोज भावाच्या दारात जाऊन बसली. गेन्साकुनं तिला आत घेतलं नाही. तीस तारखेनंतर ये, म्हणाला.

जूनची तीस तारीख उजाडली. नदीकाठी गवताचं मोठं कडं उभारलं होतं, लोक त्यातून जात होते, कागदी बाहुल्यांवर श्वास सोडून त्या पाण्यात सोडत होते. काठावरच्या सपाट खडकावर गेंकाइ उभा होता. पायाशी टोपली आणि टोपलीत सत्तरएक मुकी माकडं.

"आता यांना निरोप द्यायचा," तो म्हणत होता. "यांच्या पोटात तुमची दुखणी आहेत. नदी त्यांना समुद्रात नेईल. सारु."

"नदीत कशाला?" मित्सुए गर्दीतून वाट काढत पुढे आली. "एवढी चमत्काराची माकडं. देवळात ठेवा ना, लोक दर्शनाला येतील. का पाण्यात गेली की साखर विरघळते म्हणून?"

"ताई, घरी जा," गेन्साकु दबक्या आवाजात म्हणाला. तो किनुला घेऊन पुढेच उभा होता, अंगात ठेवणीतला पोशाख.

"जाते. आधी माझा गुन्हा सांगते, मग जाते." ती खडकावर चढली. "ही माकडं माझ्या हातची आहेत. यांच्यात मी खडा घातला नाही, यानं नको म्हटलं. भोक मोठं ठेवलं, यानं ठेव म्हटलं. का, ते मी विचारलं नाही. आता ऐका. हे माकड नऊ दिवस भाताच्या वाफेवर धरलं. मुकं झालं. माझ्या घरी आजारी कोणी नाही. मग याच्या पोटात कोणाचं दुखणं गेलं? भाताचं? भाताला खोकला झाला होता का?"

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"हे दुसरं. यालाही तीच वाफ, पण पोटात भाजल्या मातीचा खडा." तिनं ते हलवलं. नदीच्या आवाजातही ते ऐकू आलं. "आणि हे तिसरं, पहिल्याचंच जुळं भावंड, पण कोरड्यात ठेवलेलं." तेही बोललं. "ओल लागली की मुकं, कोरडं राहिलं की बोलकं. यात देव कुठं आहे? पोटात कोम्पेइतो आहेत. आणि ते ओले व्हावेत म्हणून याचे सगळे नियम आहेत. श्वास सोडा, वाफ द्या, उन्हात नेऊ नका. फेब्रुवारीत आलेला माणूस पावसापर्यंत का थांबला, विचारा त्याला."

गेंकाइच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. असल्या वेळा त्यानं बऱ्याच पाहिल्या असाव्यात. "या बाईनं आपल्या माकडांत साखर घातली, असं ती स्वतःच सांगतेय," तो शांतपणे म्हणाला. "तिच्या माकडांत साखर आहे. माझ्यांत मंत्र आहे."

"मग टोपलीतलं कुठलंही फोड. तुझ्या हातचा कागद चिकटवलेला आहे प्रत्येकावर."

"फोडतो की." त्यानं टोपली उचलून लोकांपुढे धरली. "ज्याचं माकड फोडीन त्याचं दुखणं त्याच्यावर उलटेल, पानगळीपर्यंत तो राहायचा नाही. हे मी सांगत नाही, तुमच्या गावचे घंटाकार सांगत आलेत. कोणाचं फोडू? नाव सांगा."

कोणी नाव सांगितलं नाही. सत्तर घरांची माणसं तिथं होती, अर्ध्यांच्या मनात शंका आली होती, पण कोणी जागचं हललं नाही. बायकांनी पोरांना मागं ओढलं. मित्सुएला त्या सगळ्यांची चीड आली आणि त्याहून जास्त स्वतःची, कारण त्यांच्या तोंडाला कुलूप घालणारं वाक्य तिच्याच दुकानातलं होतं.

"ते वाक्य खोटं आहे," ती म्हणाली. "मी शेकडो वेळा सांगितलंय तुम्हाला, घंटा तुमच्या वाटचं घेऊन फुटली म्हणून. खोटं होतं ते. माझा नवरा भट्टी घाईनं उघडायचा म्हणून फुटायच्या त्या. माल खपावा म्हणून सांगत होते मी."

तरी कोणी हललं नाही. मग किनु पुढे आली.

"माझं फोडा," ती म्हणाली.

"किनु," गेन्साकुनं तिची बाही धरली. "घाटाखालची मंडळी आलीत. मागं उभी आहेत."

"असू देत, अण्णा." तिनं बाही सोडवून घेतली, वाकून टोपलीत हात घातला आणि आपल्या नावाची चिठ्ठी असलेलं माकड शोधून काढलं. "मार्चपासून मी यांचं सगळं ऐकलं. सुई घेतली नाही, रोज श्वास सोडले, नेम चुकवला नाही. माकड मुकं झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या फडक्यावर रक्त होतं. पहिल्याही दिवशी होतं. पानगळीपर्यंत मी अशीही राहायची नाही. मग मला बघू तरी द्या, कशापायी मरतेय ते."

तिनं माकड खडकावर आपटलं.

मातीच्या दोन फाकी झाल्या. एका फाकीच्या भिंतीला फिकट गुलाबी चिकट गोळा लागला होता, अजून काटे दिसत होते, आणि त्यात दहाबारा मुंग्या अडकून मेल्या होत्या. बाकी काही नव्हतं. मित्सुएनं ती फाक उचलून पहिल्या रांगेतल्या कान्बेइ आजोबांपुढे धरली. आजोबांनी बोटानं थोडं खरवडलं आणि जिभेवर ठेवलं. ठार बहिऱ्या माणसाचा आवाज नेहमी मोठाच असतो.

"कोम्पेइतो," ते ओरडले. "माझंही फोडा."

मग टोपलीवर झुंबड उडाली. खडकावर माकडांमागून माकडं फुटत गेली आणि प्रत्येकात तेच निघालं. कोणी रडत होतं, कोणी शिव्या देत होतं. गेंकाइ पाण्यातून पलीकडे निसटायला बघत होता. लावणीच्या चिखलानं भरलेल्या चौघांनी त्याला गळ्याला धरून परत आणलं आणि पोलीस येईपर्यंत खडकावर बसवून ठेवलं. एक म्हातारी मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिली की मंत्रानं साखर झाली असेल, कोणी सांगावं. अशी माणसं प्रत्येक गर्दीत असतात आणि पुढचा गेंकाइ त्यांच्याच भरवशावर येतो.

घाटाखालची मंडळी न बोलता निघून गेली. गेन्साकु त्यांच्यामागे चार पावलं गेला, मग थांबला. परत आला तेव्हा हिबिनोबाईंची सायकल काठावर उभी होती. त्यानं मुलीला उचलून मागच्या बैठकीवर बसवलं आणि दवाखान्यापर्यंत सायकल धरून चालत गेला, गावाच्या भर रस्त्यातून, सगळ्यांदेखत. हे त्यानं मार्चमध्ये करायला हवं होतं.

कारण चार महिने फुकट गेले ते गेलेच. सुया पुन्हा सुरू झाल्या, पण पूर्वीसारख्या लागू पडेनात. हिबिनोबाई म्हणाल्या होत्या तसं जंतू शिकून बसले होते. किनुला शहराजवळच्या क्षयाच्या रुग्णालयात पाठवलं. तिथं तिच्या उजव्या बाजूच्या सहा बरगड्या कापून काढल्या, फुप्फुस कायमचं मिटवलं. अडीच वर्षांनी ती परत आली. जिवंत आली. उजवा खांदा डाव्याहून चार बोटं खाली, जिना चढली की धाप. लोक म्हणाले, नशीब चांगलं. मित्सुएला हे ऐकलं की अजून तिडीक येते. नशिबाचा काय संबंध? मार्चमध्ये त्या सुया चालू राहिल्या असत्या तर त्या बरगड्या आज जागेवर असत्या. डॉक्टरांनी त्या कापल्या, पण कापायची वेळ सत्तर घरांनी मिळून आणली. एकानं हलवा भरला, एकीनं न विचारता भोक मोठं केलं, एकानं लाजेपायी दार लावून घेतलं आणि बाकीच्यांनी कान लावून काही ऐकू येत नाही याला पुरावा मानलं.

आता दुकानात दोघी असतात. मित्सुए साचे भरते, किनु डाव्या हातानं तोंडं रंगवते. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. घंटा अजून विकल्या जातात, सालाप्रमाणे कुत्रा, डुक्कर, उंदीर. कोणी विचारलं, यानं काय होतं, तर किनु ती कानाशी हलवून दाखवते आणि म्हणते, "आवाज होतो."

मागच्या हिवाळ्यात दूरच्या गावची एक बाई आली. सोबत सात-आठ वर्षांची मुलगी होती. घंटा बघताना मुलीच्या हातातून पडली आणि फुटली. बाईचा चेहरा उजळला. "हिच्या वाटचं घेऊन फुटली ना?" तिनं आशेनं विचारलं. मुलगी बाहीत तोंड खुपसून खोकत होती.

मित्सुएनं तुकडे गोळा केले. त्यातला खडा उचलून बाईच्या तळहातावर ठेवला, जळक्या कागदाची राख लागलेला, भाजका, मातीचा.

"एवढंच असतं आत," ती म्हणाली. "खाली पडली म्हणून फुटली. दुसरी फुकट घेऊन जा. पण आधी मुलीला घेऊन पुलापलीकडे जा, दवाखाना पाचपर्यंत उघडा असतो."

बाई घुटमळली. मग तिची नजर किनुच्या खाली उतरलेल्या खांद्याकडे गेली. किनुनं ती पाहिली, कुंचला खाली ठेवला आणि चपला पायात सरकवल्या.

"चला," ती म्हणाली. "मी येते बरोबर. मला वाट माहिती आहे."